चीज खाणारे वाढले, पण दूध कुणाचं खपलं?

मंडळी, आज जरा लांबची गोष्ट सांगतो. जपान, दक्षिण कोरिया आणि चीनची. पण विषय दुधाचा आहे, म्हणून आपल्या भागात ज्याच्या दारात एक जरी गाय बांधलेली आहे त्यानं वाचावी अशी आहे. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

हे तीन देश एकमेकांचे शेजारी. भात, नूडल्स, सोयाबीन, मासे, भाजीपाला हा तिघांचा पिढ्यानपिढ्यांचा आहार. काही डोंगराळ आणि गवताळ भाग सोडले, तर दूध सामान्य माणसाच्या ताटात नव्हतंच. मोठ्या माणसांना तिथे दूध पचतही नाही, कारण दुधातली साखर पचवणारा पाचक रस लहानपणानंतर बहुतेकांमध्ये कमी होत जातो. चीजमध्ये ही साखर फार थोडी उरते, त्यामुळे ते त्या मानाने चालतं. पण चालतं म्हणून कुणी खात नव्हतं.

आणि आज? दक्षिण कोरियात माणशी वर्षाला ३ किलोच्या पुढे चीज खाल्लं जातं. जपानमध्ये अडीच किलोच्या आसपास. चीनमध्ये अजूनही शे-दोनशे ग्रॅम. फ्रान्समध्ये हा आकडा २५ किलोच्या वर जातो, तेव्हा त्या तुलनेत हे काहीच नाही म्हणाल. पण सत्तर वर्षांपूर्वी हे तिघेही जवळपास शून्यावर होते, हे लक्षात घ्या.

मग फरक कशामुळे पडला? सोपं उत्तर असं देतात की लोकांची चव बदलली. पण चव आपोआप बदलत नाही हो. कुणीतरी ती बदलवतं. आणि बदलली की त्यातला पैसा गोठ्यापर्यंत पोहोचणार की बंदरावरच्या कंटेनरमधून परदेशी जाणार, हे बाजारात नाही, धोरणात ठरतं. तिन्ही देशांचा इतिहास हेच सांगतो. एकेक करून बघू.

आधी जपान.

गंमत म्हणजे जपानला दुधाचे पदार्थ अगदीच अनोळखी नव्हते. इ.स. ७०० च्या सुमारास तिथल्या दरबारात 'सो' नावाचा पदार्थ जायचा. दूध आटवून केलेला, आपल्या खव्याच्या जवळचा. प्रांतोप्रांतीहून तो करासारखा राजधानीत पाठवला जायचा. बौद्ध ग्रंथांतून दुधाच्या पायऱ्याही तिथे पोहोचल्या होत्या. क्षीर, दधि, नवनीत, घृत आणि सगळ्यात वर सर्पिर्मंड, म्हणजे तुपाचं सार. या शेवटच्या पायरीला जपानीत 'दाइगो' म्हणतात. एखाद्या गोष्टीची खरी गोडी सांगायला तिथे आजही 'दाइगोमी' हा शब्द वापरतात. म्हणजे शब्द राहिला, पदार्थ गेला. दरबाराची सत्ता ढिली झाली तसं ते दूधही आटलं. त्यात इ.स. ६७५ पासून गाय, घोडा, कुत्रा, माकड, कोंबडी यांच्या मांसावर बंदीची फर्मानं निघत होती. बैल शेतीला, गाय वासराला, एवढाच हिशेब राहिला.

१८६८ नंतर जपाननं पाश्चात्त्यांची बरोबरी करायची ठरवलं. लष्कर, रेल्वे, शाळा आणि त्याबरोबर दूधही. उत्तरेच्या थंड होक्काइदो बेटावर अमेरिकी सल्लागार आणून सरकारी फार्म काढले. हाकोदातेजवळच्या नानाए इथे १८७५ मध्ये चीज करून पाहिलं. पण खाणार कोण? फार परदेशी वळणाच्या माणसाला जपानीत 'बाता-कुसाइ' म्हणायचे, म्हणजे ज्याच्या अंगाला लोण्याचा वास येतो असा. वासालाच जिथे नाकं मुरडली जात होती, तिथे चीजचं काय होणार?

आता इथे आपल्या कामाचा प्रसंग येतो. १९२३ साली टोकियो परिसरात महाभयंकर भूकंप झाला. लोकांना खायला मिळावं म्हणून सरकारनं दुग्धपदार्थांवरचं आयात शुल्क उठवलं. हेतू चांगला होता. परिणाम काय झाला? स्वस्त परदेशी माल आला आणि होक्काइदोतल्या कंपन्यांनी शेतकऱ्यांचं दूध नाकारायला सुरुवात केली. वाचताना ओळखीचं वाटतंय ना? तिथल्या शेतकऱ्यांनी काय केलं, तर १९२५ मध्ये स्वतःची सहकारी संस्था काढली आणि स्वतःच लोणी करायला घेतलं. पुढे याच संस्थेनं १९३३ मध्ये चीजचा कारखाना उभारला. जपानमधला 'स्नो ब्रँड' हा मोठा दूध उद्योग याच रोपट्यातून वाढला. दूध नाकारलेल्या शेतकऱ्यांनी सुरू केलेली ती गोष्ट होती.

तरी सामान्य जपानी माणूस चीज खायला लागला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. देश उपाशी होता. अमेरिकेतून मदत म्हणून गहू आणि बिनसायीच्या दुधाची पावडर आली. ती शाळेत मुलांना मिळू लागली. १९५४ मध्ये शालेय भोजनाचा कायदाच झाला. त्या पावडरच्या दुधाची चव वाईट होती, हे त्या पिढीतले म्हातारे आजही तोंड वाकडं करून सांगतात. पण पाव आणि दूध ही जोडी लाखो पोरांच्या सवयीची झाली. त्याच वर्षी गोल डबीत सहा तिकोनी तुकड्यांचं प्रोसेस्ड चीज बाजारात आलं. उग्र वास नाही, मऊ, टिकाऊ. कंपनीनं जपानी नाकाला झेपेल असंच चीज विकायला काढलं.

पुढे १९७१ मध्ये टोकियोच्या गिंझा भागात मॅकडोनाल्ड्स उघडलं. १९८५ मध्ये घरपोच पिझ्झा सुरू झाला. १९९० च्या सुमारास एका मासिकानं तिरामिसू नावाच्या इटालियन गोड पदार्थाचं असं काही कौतुक केलं की देशभर त्याची लाट आली. प्रत्येक लाटेबरोबर चीजचा खप वाढत गेला. आज जपान वर्षाला साधारण साडेतीन लाख टन चीज खातो.

आता खरा आकडा ऐका. त्यातलं देशात तयार होणारं चीज आहे जेमतेम ४५ हजार टनांच्या घरात. बाकी सगळं ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, युरोप, अमेरिकेचं.

असं का? कारण जपाननं चीजची आयात १९५१ मध्येच खुली केली होती. पिण्याच्या दुधाला चांगला दर आणि चीजच्या दुधाला कमी, असं गणित राहिलं. मग शेतकरी आणि संघ पिण्याच्या दुधामागेच लागले. एक हुशारीची तरतूद मात्र सरकारनं केली. जो कारखाना प्रोसेस्ड चीजसाठी १ भाग देशी चीज घेईल, त्याला अडीच भाग परदेशी चीज शुल्क न भरता आणता येईल. नाहीतर २९.८ टक्के शुल्क भरा. म्हणजे परदेशी मालाच्या सवलतीला देशी दुधाची अट बांधली. होक्काइदोत चीजचं दूध आज थोडंफार टिकून आहे त्यात या अटीचा वाटा आहे. पण २०१९ पासून युरोपशी मोकळ्या व्यापाराचा करार लागू झाला आणि कठीण प्रकारच्या चीजवरचं शुल्क टप्प्याटप्प्यानं शून्यावर जाणार आहे. अट राहिली तरी तिची धार जाणार.

१९६३ मध्ये जपानमध्ये ४ लाख १७ हजार दूध उत्पादक कुटुंबं होती. २०२२ मध्ये १३ हजार ३०० उरली. गोठे मोठे झाले हे खरं, पण गोठेवाले संपले. आणि डिसेंबर २०२१ मध्ये तर पंतप्रधान किशिदांना लोकांना आवाहन करावं लागलं की कृपा करून नेहमीपेक्षा एक कप दूध जास्त प्या. सुमारे ५ हजार टन दूध ओतून द्यावं लागेल अशी भीती होती. एकीकडे तीन लाख टन चीज बाहेरून येतंय आणि दुसरीकडे घरचं दूध गटारात जायची वेळ. हे असं होऊ शकतं, हे लक्षात ठेवा.

आता कोरिया.

कोरियात जुन्या राजांना दूध-तांदळाची पेज मिळायची, तीही औषध म्हणून. प्रजेला नाहीच. १९५० ते ५३ च्या युद्धानं देश जमीनदोस्त केला. अमेरिकी सैन्याच्या छावण्या उभ्या राहिल्या आणि छावणीतून बाहेर येणाऱ्या डबाबंद मांसाचा, सॉसेजचा कोरियन लोकांनी झणझणीत रस्सा केला. त्याचं नाव 'बुदे जिगे', म्हणजे छावणीचा रस्सा. त्यावर आज प्रोसेस्ड चीजचा एक तुकडा टाकतात. भुकेच्या काळातला पदार्थ आता हॉटेलात आवडीनं खातात. चीजचा कोरियातला एक दरवाजा हा असा.

दुसरा दरवाजा मात्र फार सुंदर आहे. १९५९ मध्ये दिदिए नावाचा एक तरुण बेल्जियन धर्मगुरू कोरियात आला. १९६४ मध्ये तो उत्तर जोल्ला प्रांतातल्या इम्सिल गावी नेमला गेला. डोंगराळ, गरीब भाग. भातशेती थोडी, गवत भरपूर. त्यानं दोन शेळ्यांपासून सुरुवात केली. शेळीचं दूध विकेना, उरायला लागलं. मग उरलेल्या दुधाचं चीज करू म्हणाला. स्वतःला येत नव्हतं. प्रयत्न फसत राहिले. शेवटी युरोपात जाऊन, चीज करणाऱ्यांकडे शिकून परत आला. १९६७ मध्ये सुरू केलेला त्याचा छोटा कारखाना कोरियातला पहिला चीज कारखाना मानला जातो. पुढे सोलच्या मोठ्या हॉटेलात आणि पिझ्झा विकणाऱ्या दुकानात इम्सिलचं चीज जाऊ लागलं.

हा माणूस मोठा का, तर त्यानं कारखाना स्वतःच्या किंवा चर्चच्या नावावर ठेवला नाही. तो गावातल्या उत्पादकांच्या संस्थेच्या हाती दिला आणि स्वतः अपंगांच्या कामाला निघून गेला. लष्करशाहीच्या काळात तो लोकशाहीच्या बाजूनंही उभा राहिला. कोरियन लोक त्याला 'जी जोंग-ह्वान' म्हणायचे. २०१६ मध्ये त्याला कोरियन नागरिकत्व मिळालं, २०१९ मध्ये तो गेला. इम्सिल आज चीजचं गाव म्हणून देशभर ओळखलं जातं. पोराबाळांना घेऊन लोक तिथे चीज करायला शिकायला जातात, ऑक्टोबरात जत्रा भरते.

पण एका इम्सिलनं देश तरत नाही. १९८५ मध्ये सोलला पिझ्झा हट आलं, १९८८ च्या ऑलिंपिकच्या वर्षी मॅकडोनाल्ड्स. आयांना सांगितलं गेलं की पोराची उंची वाढवायची असेल तर चीजची स्लाइस द्या. मग तिखट कोंबडीवर, डुकराच्या फासळ्यांवर, नूडल्सवर वितळलेलं चीज ओतायची फॅशन आली. २०१७ च्या सुमारास हीच चीज घातलेली तिखट कोंबडी जपानमध्ये तरुण पोरींच्या रांगा लावून गेली. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला चव लावली. एका पिढीत कोरिया चीज खाण्यात जपानच्या पुढे गेला.

आता तिथला हिशेब. २००१ मध्ये कोरियन माणूस सगळे दुग्धपदार्थ मिळून, दुधात मोजलं तर, वर्षाला ६३.९ किलो खायचा. २०२१ मध्ये ८६.१ किलो. केवढी वाढ! मग शेतकऱ्याची चंगळ झाली असेल? नाही. त्याच वीस वर्षांत देशातलं दूध उत्पादन २३.४ लाख टनांवरून २०.३ लाख टनांवर घसरलं. आयात ६.५ लाख टनांवरून २५.१ लाख टनांवर गेली. स्वतःच्या दुधावर भागवायचं प्रमाण ७७.३ टक्क्यांवरून ४५.७ टक्क्यांवर आलं.

कारण सरळ आहे. मुलं कमी जन्मायला लागली, पिण्याचं दूध खपेना. वाढ झाली ती चीजमध्ये. एक किलो कठीण चीजला साधारण दहा लिटर दूध लागतं. हे दूध देशी गोठ्यातून घ्यायचं तर दर महाग पडायचा, कारण सगळ्या दुधाला पिण्याच्या दुधाचाच दर होता. मधल्या काळात २०११ मध्ये युरोपशी आणि २०१२ मध्ये अमेरिकेशी व्यापार करार लागू झाले. अमेरिकी चीजवरचं ३६ टक्के शुल्क दरवर्षी थोडं थोडं कमी होत गेलं. सरकारला जाग आली ती २०२३ मध्ये. पिण्याच्या दुधाला एक दर आणि प्रक्रियेच्या दुधाला वेगळा दर अशी पद्धत आणली. शेतकऱ्यांनी आधी कडाडून विरोध केला, दर पडेल म्हणून. त्यांचंही चूक नव्हतं. पण हे वीस वर्षं आधी, बाजार हातात असताना, बसून ठरवलं असतं तर? तोवर निम्म्याहून जास्त बाजार हातातून गेला होता.

आणि आता चीन.

चीनमध्ये दूध अजिबात नव्हतं असं नाही. युन्नानमधले बाई लोक 'रूशान' करतात, दुधाच्या पातळ पापडासारखा पदार्थ. मंगोल आणि तिबेटी लोकांचं वाळवलेलं, दगडासारखं चीज तर शतकानुशतकांचं आहे. पण मैदानातल्या चिनी शेतकऱ्याला ते 'बाहेरच्यांचं खाणं' वाटायचं. पूर्वेकडच्या मोठ्या लोकसंख्येत दूध शिरलं ते १९८० नंतर, आणि २००० मध्ये सरकारनं शाळेत दूध द्यायची योजना काढल्यावर जास्त.

मग आलं २००८. दूध संकलन केंद्रांवर पाणी घातलेल्या दुधात प्रोटीन जास्त दिसावं म्हणून मेलामाइन मिसळलं गेलं. हे प्लास्टिकच्या उद्योगातलं रसायन. आपल्याकडे जशी फॅट आणि एसएनएफवर दुधाची किंमत ठरते, तशी तिकडे प्रोटीनची तपासणी होती. तपासणी नायट्रोजन मोजायची, मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर, त्यामुळे मशीन फसायचं. ६ बाळं दगावली, सुमारे ३ लाख आजारी पडली. त्यानंतर चिनी आईचा देशी दुधावरचा विश्वास उडाला आणि परदेशी डब्यांची चलती झाली. छोटे गोठेवाले मोठ्या संख्येनं धंद्यातून बाहेर पडले. भेसळ करतात थोडे लोक, पण तिची किंमत सगळ्या धंद्याला मोजावी लागते. आपणही हे मनाशी लिहून ठेवावं.

चीज मात्र चीनमध्ये वेगळ्याच वाटेनं घुसलं. २०१२ मध्ये दक्षिणेतल्या एका गावातल्या चहाच्या दुकानानं चहावर खारट-गोड चीजचा फेस घालून विकायला सुरुवात केली आणि त्याची साखळी देशभर पसरली. २०१८ पासून काडीवर लावलेलं, गोड, मुलांसाठीचं चीज आलं. लिफ्टमध्ये बडबडगीताच्या चालीवर त्याची जाहिरात सारखी वाजायची. आई-बाप वैतागले, पण पोरांनी मागितलं आणि खप उसळला. पुढे एका बलाढ्य दूध कंपनीनं ती चीज कंपनीच ताब्यात घेतली.

पण पोरांवर उभा केलेला बाजार पोरांबरोबरच बसतो. २०१६ मध्ये चीनमध्ये १ कोटी ७८ लाख मुलं जन्मली, २०२३ मध्ये ९० लाखांच्या आसपास. काडीवरच्या चीजचा वेग थांबला. त्यात सरकारनं डिसेंबर २०२२ पासून नियम कडक केला. आधी 'प्रोसेस्ड चीज' म्हणायला १५ टक्क्यांहून जास्त खरं चीज असलं तरी चालायचं. आता ५० टक्क्यांहून जास्त पाहिजे. त्याहून कमी असेल तर वेगळ्या नावानं विका. गिऱ्हाइकाला नाव वाचून कळलं पाहिजे की आपण काय खातोय, एवढी साधी गोष्ट.

आणि गोठ्याचं काय? सरकारनं उत्पादन वाढवा म्हटलं, मोठमोठे फार्म उभे राहिले, २०२३ मध्ये जवळपास ४ कोटी २० लाख टन दूध निघालं. खप तेवढा वाढला नाही. २०२१ पासून दुधाचा दर सतत खाली आला. हे जास्तीचं दूध चीजमध्ये मुरवता आलं असतं, पण त्यासाठी कारखाने आणि खाणारे, दोन्ही तयार नव्हते. आणि न्यूझीलंडच्या दुग्धपदार्थांवरचं उरलंसुरलं शुल्कही जानेवारी २०२४ पासून शून्य झालं.

तिघांची गोष्ट एकत्र ठेवून बघा. तिघांनी खाणं वाढवलं. एकाला शाळेनं आणि कंपनीनं शिकवलं, एकाला छावणीनं, धर्मगुरूनं आणि पिझ्झानं, एकाला लिफ्टमधल्या जाहिरातीनं. पण खाणं वाढलं म्हणून दूधवाला सुखी झाला, असं तिघांतल्या एकाही देशात झालं नाही. जिथे काही टिकलं तिथे त्यामागे ठरवून केलेली एक गोष्ट दिसते. होक्काइदोत आयातीला बांधलेली देशी दुधाची अट. इम्सिलमध्ये उत्पादकांच्या हातात असलेला कारखाना. चीनमध्ये उशिरा का होईना, नावाचा कडक नियम.

आता हे आपल्याला कशाला, असं विचाराल. तर जपान, कोरिया, चीन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे सगळे ज्या 'आरसेप' नावाच्या व्यापार करारात आहेत, त्यात भारतही जाणार होता. ४ नोव्हेंबर २०१९ ला आपण बाहेर पडलो. न्यूझीलंडची पावडर आणि चीज येऊन दूध उत्पादक झोपेल, ही भीती त्यामागचं एक मोठं कारण होती. तेव्हा दार लावलं ते बरं झालं, असं मला वाटतं. पण नुसतं दार लावून भागत नाही.

२०१८ च्या जुलैमध्ये महाराष्ट्रात दूध रस्त्यावर ओतलं गेलं, टँकर अडवले गेले, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पावडरचा भाव पडला की गायीच्या दुधाचा दर पडतो, मग आंदोलन, मग लिटरमागे काही रुपयांचं अनुदान, मग पुन्हा तेच. आपलं जास्तीचं दूध पावडरमध्ये जातं, आणि पावडरचा भाव आपल्या हातात नाही. इकडे तालुक्याच्या गावातसुद्धा पिझ्झा, चीज सँडविच, चीज डोसा, चीज वडापाव सर्रास झालाय. पुणे जिल्ह्यात मंचरला चीजचा मोठा कारखाना आहे, म्हणजे हे इथे होत नाही असं नाही. पण आपल्या सहकारी संघांपैकी किती जण पिशवीतलं दूध, श्रीखंड आणि पावडर यांच्या पुढे गेलेत? आणि गाड्यावर 'चीज' म्हणून जे किसून घालतात त्यात दूध किती आणि पामतेल किती? प्रत्येक किलो नकली चीज म्हणजे न खपलेलं दहा लिटर दूध, असा हिशेब मांडा.

माझी मागणी साधी आहे. संघाच्या सर्वसाधारण सभेत दर फरक आणि दिवाळीच्या बोनसबरोबर एक प्रश्न हाही विचारा: प्रक्रियेचं काय? तेलाचं चीज, तेलाचं पनीर वेगळ्या नावानं विकायची आणि हॉटेलच्या मेनूवर तसं लिहायची सक्ती नीट पाळली जाते का, हे तपासायला लावा. उद्या कुठला व्यापार करार झालाच, तर जपानसारखी देशी दुधाची अट त्यात घाला, हे आपल्या खासदाराला आत्ताच सांगा. कोरियाला हे शहाणपण यायला वीस वर्षं लागली.

आपली पोरं चीज खाणार, हे आता नक्की आहे. ते थांबवायचं कारणही नाही. ते कुणाच्या गोठ्यातल्या दुधाचं असेल, एवढंच ठरायचं राहिलंय.

तुमच्या गावच्या डेअरीवर आज ३.५ फॅट, ८.५ एसएनएफला काय दर मिळाला, तो कमेंटमध्ये गावाच्या नावासकट लिहा. सगळे एकत्र करून पुढच्या आठवड्यात मांडतो.